भाषेचं नाव न विचारणारा सर्व्हर

मी एलिक्सर या कमी वापराच्या भाषेत प्रोग्राम लिहितो, तेही पारनेरला बसून. त्यामुळे या धंद्यातली माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: होस्टिंगचं काय करता? प्रश्न रास्त आहे. थोडक्या पैशांत वर्षभर मिळणारं शेअर्ड होस्टिंग पीएचपी डोळ्यांपुढे ठेवून उभं केलेलं असतं. कुणी पान मागितलं की प्रोग्राम जागा होतो, पान देतो आणि संपतो. एलिक्सरचा प्रोग्राम मात्र एकदा सुरू केला की चालूच राहतो. पाहणाऱ्यांची जोडणी तो धरून ठेवतो, कोण आलं, कोण गेलं हे ध्यानात ठेवतो. अशा भाडेकरूला शेअर्ड होस्टिंगवाले जागा देत नाहीत.

माझं काम एका कांदा आडतदाराचं आहे. लिलावात वक्कलाचा भाव निघाला की गाळ्यावरचा मुलगा तो मोबाइलवर टाकतो. निघोजला किंवा टाकळी ढोकेश्वरला ज्यानं पान उघडं ठेवलं असेल, त्याच्या पडद्यावर आकडा आपोआप बदलतो. गाडी आज भरायची की थांबायचं, हे त्या आकड्यावर ठरतं.

या कामाला एलिक्सर का, तर तिचं मूळ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्लांग भाषेवर काम सुरू केलं. हजारो कॉल एकाच वेळी चालावेत, एक तुटला तर बाकीच्यांना कळूही नये, अशी गरज होती. १९९८ मध्ये अर्लांग सर्वांना खुली झाली. पुढे ब्राझीलच्या जुझे वालिम यांनी तिच्याच यंत्रणेवर एलिक्सर रचली. २०१४ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली.

होस्ट शोधताना माणूस साहजिकच ‘आमच्याकडे ही भाषा चालते’ अशी पाटी शोधतो. माझं मत उलट आहे. कमी वापराच्या भाषेसाठी अशी पाटी म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर राहणं. आवृत्ती ते ठरवणार, प्रोग्राम कधी बंद करून पुन्हा सुरू करायचा तेही ते ठरवणार. हेरोकू या होस्टिंग सेवेवर साधारण दिवसातून एकदा प्रोग्राम नव्यानं सुरू केला जातो. चालू प्रोग्राम न थांबवता बदलण्याची अर्लांगची खासियत तिथे वाया जाते. त्यांची फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा जगभरच्या हौशी प्रोग्रामरांना बाडबिस्तरा गुंडाळावा लागला. ज्याला माझ्या भाषेचं नावही ठाऊक नाही, जो फक्त कोरा लिनक्स हातात देतो, तो होस्ट मला बरा वाटतो.

कोऱ्या लिनक्सवर मात्र सगळं आपलं आपण पाहायचं. छोट्या सर्व्हरवर प्रोग्राम कंपाइल करायला गेलं की मेमरी अपुरी पडते. म्हणून ‘रिलीज’ घरच्या मशीनवर बांधून तयार गठ्ठा वर पाठवायचा. त्यात अर्लांगची यंत्रणाही सोबत जाते. पण घरी आणि तिकडे प्रोसेसरची जात एकच हवी, लिनक्सची मूळ लायब्ररीही जुळायला हवी, नाहीतर गठ्ठा उघडतच नाही. सर्व्हरची भाषा-मांडणी यूटीएफ-८ आहे का, हे मराठी माणसानं आधी पाहावं. नसेल तर एलिक्सर सुरू होतानाच कुरकुरते. आणि ४३६९ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगाला बंद ठेवायचं. अर्लांगच्या यंत्रणा तिथे एकमेकींचा पत्ता विचारतात. गावाला तो सांगायचं कारण नाही.

खरी गंमत सीपीयूची. काम नसतानाही अर्लांगची यंत्रणा काही क्षण जागच्या जागी घुटमळत राहते, कारण पुढचं काम आलंच तर लगेच उचलता यावं. स्वतःच्या मशीनवर हे उत्तमच. पण स्वस्त सर्व्हरचा सीपीयू शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला असतो. रिकामं घुटमळणंही आपल्या वाट्यातून वजा होतं. ते बंद करण्याची सोय आहे. सर्व्हर मोठा घेण्याआधी ती वापरून पाहावी.

सर्व्हर कुठे ठेवायचा, हा प्रश्न मी फार ताणला नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, तरी युरोपात जाऊन यायचं तर शंभरेक मिलिसेकंद सहज जातात. लिलावाचा आकडा एवढा उशीर सोसेल; पण आधीच डोंगराआड रेंज लपंडाव खेळत असताना त्यात भर कशाला? मुंबईत सर्व्हर मिळतात. घरीच मशीन ठेवायचं म्हटलं तर वीज जाते, आणि बहुतेक मोबाइल जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्ताच नसतो.

शेवटी पारडं फिरवलं ते पैसे भरण्याच्या सोयीनं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले आणि कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याला नवी मंजुरी-पद्धत आली. अनेक परदेशी कंपन्यांची वसुली त्यात अडकली. बिल थकलं की सर्व्हर बंद, त्याला भाषा कुठलीही असो. म्हणून मी रुपयांत बिल देणारा आणि आगाऊ रक्कम जमा करू देणारा होस्ट धरला. उन्हाळ कांद्याची आवक सुरू होण्याआधी त्या खात्यात पूर्ण हंगामाचे पैसे टाकून मोकळा होतो.