तेरणेच्या फुगवट्यावर

औशाचा भुईकोट लांबून दिसत नाही. खोलगटात बांधलेला, भोवती खंदक. अगदी जवळ गेल्यावर बुरूज समोर येतात. १७६० साली उदगीरहून निघालेल्या निजामाच्या फौजेला सदाशिवरावभाऊंनी याच परिसरात कोंडीत पकडलं होतं. किल्ला निवांत पाहण्याजोगा आहे, पण मला ओढ तेरणा नदीची होती.

लामजन्यावरून तिच्या काठच्या जुन्या किल्लारीत उतरलो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना इथली जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसं गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पिढ्यान् पिढ्या पाणवठ्याशेजारी नांदलेली वस्ती उठली. नदी मात्र तिथंच राहिली. चौथऱ्यांवर आता बाभळी माजल्यात. नदीकाठचं एवढं रितेपण मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

नदी ओलांडून माकणीला, निम्न तेरणा धरणाच्या फुगवट्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. थर्माकोलचे तुकडे पोत्यात बांधून केलेल्या तराफ्यावर भोई मामांनी मला पुढं बसवलं. "हलू नका, गपगार बसा," म्हणाले आणि फळीनं पाणी मागं सारू लागले. काळ्या रानातून आलेलं गढूळ पाणी, ओढ जवळजवळ नाहीच. तेरखेड्याकडून निघालेली ही नदी गोरोबाकाकांच्या तेरवरून येते. रोमशी व्यापार करणारं प्राचीन तगर ते हेच.

मामा जाळं सोडत होते. धरणाच्या पाण्यामुळं भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मामांना विचारलं. "पाण्याला कशाला नावं ठेवू? त्याच्यावरच पोट हाय," एवढंच बोलले आणि दोर सैल करत राहिले. त्यांच्या मोठ्या भावाचं घर त्या पहाटे गेलं होतं, हे नंतर काठावर कळलं.

रात्री काठावरच मुक्काम. तीन दगडांच्या चुलीवर मरळीचं कालवण, ज्वारीची भाकरी, ठेचा. उजाडताच जाळं ओढलं: रोहू, कटला, एक दांडगी वाम. वाम जाळ्यातून सोडवताना मामांचा हात कापला. त्यांनी तो पाण्यात बुडवून धुतला आणि पुढचा दोर धरला. व्यापाऱ्याचा टेम्पो काठावर उभा होता. काटा लागला, भावावरून घासाघीस सुरू झाली, आणि मामांनी मला त्याच टेम्पोत बसवून दिलं.