पास

नववीला इंग्रजी शिकवताना आम्ही फळ्यावर ‘पास’ या शब्दाचे अर्थ लिहीत होतो. परीक्षा पास होणे, चेंडू पास करणे, विधेयक पास होणे, एसटीचा पास आणि शेवटी ‘पास अवे’ म्हणजे इंतकाल. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, ये तो उर्दूच है! मेरे नाना भी अल्लाह के पास गए ना?” वर्ग हसला, आम्हीही हसलो.

मग समजावून सांगितले की, कानाला एकच वाटले तरी हे शब्द वेगळे आहेत. इंग्रजी ‘पास’चे मूळ लॅटिनमध्ये, अर्थ पाऊल. जवळ या अर्थाचा आपला ‘पास’ संस्कृत ‘पार्श्व’पासून आला, मराठीतले ‘पाशी’ त्याचेच भावंड. तिसरा ‘पास’ फारसी. त्याचा अर्थ राखण, लिहाज. ‘पासबान’ त्यातूनच आला.

आमच्या ब्रह्मपुरीकडच्या जंगलमुलखात आणखी एक पास चालतो, बांबू-लाकूड बाहेर नेण्याचा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता, पण वाहतुकीच्या पासाशिवाय बांबू विकता येईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. हक्क कागदावर असतो. तो वापरता येण्यासाठी आणखी काहीतरी लागते.

हे आम्हाला खरे कळले ते त्याच मुलीमुळे. ती दहावी पास झाली, पण कॉलेजात नाव घालायला कोणी आले नाही. आम्ही तिच्या गावी गेलो. तिचे अब्बा म्हणाले, “सर, पास तो हो गई. एसटी का पास भी मिल जाएगा. लेकिन शाम को फाटे पे उतरके जंगल का रस्ता है, शेर का इलाका है. अकेली कैसे आएगी?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. वाघाची भीती या भागात बहाणा नसतो. आम्ही त्याच गावातल्या आणखी दोन घरी गेलो. एक मुलगी मराठी शाळेतली होती. शेवटी ठरले की तिघींनी सोबत जायचे आणि संध्याकाळी तिन्ही घरांतल्या कोणीतरी पाळीपाळीने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहायचे.

तिघी आता बारावीला आहेत. फळ्यावर ‘पास’ लिहिताना आम्ही हल्ली फारसी अर्थ आधी सांगतो.