पाचवी ओळ

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या महाविद्यालयाच्या सूचना-फलकावर एक कागद लागला. वर मराठी, खाली कानडी. सहल मालवण, तारकर्ली आणि देवबागला जाणार होती. देवबागला डॉल्फिन पाहण्यासाठी खास आपल्यापुरत्या दोन होड्या ठरविण्यात येतील, असेही लिहिले होते. शेवटी सोबत आणावयाच्या वस्तू : टोपी, पाण्याची बाटली, टॉवेल, कपड्यांचा एक जादा जोड. अवघ्या चार ओळी! पण त्या चार ओळींवरून आमच्या घरात आठ दिवस महाभारत चालले.

मी घरी बातमी सांगितली तेव्हा आई नेहमीप्रमाणे विड्या वळीत बसली होती. तिचे हात कधी थांबत नाहीत. त्या दिवशी थांबले. "समिंदरात जातीस? २०१७ सालचं इसरलीस व्हय?"

मी विसरले नव्हते. बेळगाव-निपाणी भागात ते कोण विसरेल? एप्रिल २०१७. माझी सहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. बेळगावच्या एका महाविद्यालयातून सहलीला गेलेले आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. आमच्या गल्लीत त्या दिवशी कोणाच्याच घरी धड स्वयंपाक झाला नाही.

"अगं आई, ते होडीत नव्हते. ते पोहायला उतरले होते," मी वकिली केली.

"मग तुझी होडी काय रस्त्यावरनं जाती?"

वकील गप्प झाला! कारण मुंबईची बातमीही ताजीच होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ माणसे गेली. शिवाय खुद्द तारकर्लीच्या समुद्रात २४ मे २०२२ रोजी २० पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. हे सगळे आईला पाठ होते. शेवटी तिने एक अट घातली. "काय घालून जाणार, काय घेऊन जाणार, समदं आधी मला सांग. मग बघू."

आता आली का पंचाईत! माझ्या डोक्यात पोशाख ठरलेला होता : नवी जीन्स, निळा टॉप आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी. फोटो काय झकास आले असते! पण माझ्या वर्गातल्या मैत्रिणीची एक मावशी देवबागलाच दिलेली आहे. तिला आम्ही फोन लावला आणि माझा सगळा पोशाख एका दमात निकालात निघाला.

"जीन घालून येव नको गो," मावशी म्हणाली. "भिजली काय पायाक धोंडो बांधल्यासारखी जाता." जाड सुती कापड पाणी पिते, जड होते आणि दिवसभर वाळत नाही. त्यापेक्षा पातळ, चटकन वाळणारी सलवार बरी. ओढणी घरीच ठेवावी. ती कशात अडकेल याचा नेम नाही. निळा रंग पाण्यात दिसत नाही, म्हणून लाल, पिवळे, नारिंगी असे भडक कपडे घालावेत. पायांत मागे पट्टा असलेली सँडल असावी. साधी चप्पल होडीत चढतानाच गुडघाभर पाण्यात निघून जाते, कारण देवबागला होडी पुष्कळदा वाळूलाच लागते. टोपीला आणि चष्म्याला दोरी बांधावी. जानेवारीत सकाळचा वारा अंगाला बोचतो, म्हणून अंगाबरोबर बसणारा स्वेटर घ्यावा. ऊन मात्र वरून लागते तसे पाण्यावरूनही लागते. तेव्हा बाह्या लांब असाव्यात.

खाण्याचेही शास्त्र असते हे मला तेव्हा कळले. होडीत बसण्यापूर्वी वडे-भजी खाऊ नयेत, तसे अगदी रिकाम्या पोटीही बसू नये. कोरडी चपाती किंवा बिस्किटे खावीत. आल्याचा तुकडा आणि लिंबू जवळ ठेवावे. मळमळू लागले तर मोबाईलमध्ये डोके न घालता होडीच्या मधोमध बसून लांब क्षितिजाकडे पाहावे.

ही यादी मी आईला वाचून दाखवली. तिने ती मुकाट्याने ऐकली आणि मोबाईलसाठी तंबाखूच्या वखारीतून आणलेली एक जाड प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे टाकली. गळ्यातली साखळी मात्र काढून घेतली. परवानगी मिळाली होती!

आम्ही रात्री निपाणी सोडली आणि आजरा, आंबोलीमार्गे उजाडताना देवबागला पोहोचलो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. निपाणीच्या माणसाने इतके पाणी एका वेळी पाहिलेले नसते. आमच्या वाट्याच्या होडीत आम्ही अकरा जण होतो. होडीवाल्याने जाकिटे काढली आणि माझ्या मैत्रिणीने ती मोजली. नऊ!

"काय होत नाय. पाणी शांत हा," होडीवाला म्हणाला.

खरे सांगते वाचकहो, त्या क्षणी मलाही तसेच वाटले. ऊन चढत होते. दुसरी होडी निघूनही गेली होती. "आम्ही दोघे पोहतो, आम्हाला नको," असे दोन मुले छाती काढून म्हणाली. आणि आम्ही मुली ते जाड नारिंगी गाठोडे घालून फोटोत कशा दिसू, याच काळजीत होतो. आठ दिवस आईपुढे वाचलेली यादी मी वाळूवर उभ्या उभ्या विसरले.

कानडी विभागाचे सर मात्र होडीसमोर उभे राहिले. एरवी ते फार बोलत नाहीत. "मोदल हाक्कोरी, आम्याल फोटो!" म्हणजे आधी घाला, मग फोटो. अकराच्या अकरा जाकिटे येईपर्यंत होडी हलणार नाही, असे त्यांनी बजावले. होडीवाला पुटपुटत गेला आणि शेजारच्या होडीतून दोन जाकिटे आणायला त्याला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात सरांनी सगळ्यांची नावे एका कागदावर लिहून किनाऱ्यावर थांबलेल्या मॅडमकडे दिली. मग प्रत्येकाचे जाकीट खांद्याला धरून वर ओढून पाहिले. जे कानापर्यंत वर आले, त्याचे पट्टे पुन्हा आवळले. पाठीवरच्या पिशव्या उतरवून खाली ठेवायला लावल्या.

त्या अर्ध्या तासाची किंमत आम्ही मोजली. पहिल्या होडीला पाच-सहा डॉल्फिन दिसले. आम्हाला लांबवर एक काळी पाठ दिसली, तीही सगळ्यांना नाही. परतीच्या वाटेवर नदी आणि समुद्र मिळतात तिथे होडी एकदा अशी कलली की, ते दोन पोहणारे वीर सर्वांच्या आधी फळी धरून बसले! झाले काहीच नाही. पण मी पाण्याकडे पाहिले आणि माझा हात आपोआप जाकिटाच्या पट्ट्यावर गेला. तेव्हा मला आईचे थांबलेले हात आठवले.

घरी आले तेव्हा मोबाईलला तंबाखूचा वास होता, पण तो कोरडा होता. आईने डॉल्फिनचे काही विचारले नाही. ती फोटो पाहत बसली. नारिंगी गाठोड्यांत आमची अकरा तोंडे कशीबशी दिसत होती. तिने बोटाने एकेक करून सगळी जाकिटे मोजली आणि पुन्हा सूप पुढे ओढले.

पुढच्या वर्षी सहलीचा कागद लागेल. टोपी, बाटली, टॉवेल आणि कपडे या चार ओळींना माझी हरकत नाही. पण त्यांच्या वर आणखी एक ओळ असावी, अशी माझी विनंती आहे : होडी ठरवतानाच माणसे आणि जाकिटे मोजून घेतली जातील. ती ओळ मराठीत असावी आणि कानडीतही.