आता मी थांब म्हणतो

इस्लाम स्वीकारावा का, असे विचारायला कोणी आले की पूर्वी मी त्याला आधी वजू, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याची रीत, शिकवायचो आणि मग नमाज. राजुरीत आयुष्य गेले, शाळेत पोरे शिकवली. हात पाटीवर फिरत राहिला की अक्षर आपोआप वळते, तशी नमाज अंगवळणी पडली की श्रद्धा मागोमाग येते, असे मला मनापासून वाटे. आता वाटत नाही. आता मी म्हणतो, थांब. काय मानायचे ते आधी ऐक.

माझे मत बदलले ते एका तरुणाच्या प्रश्नाने. पंचक्रोशीतलाच, कांदा पिकवणारे घर, वडील वारलेले. जुम्म्याच्या नमाजेला मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे त्याच्या मनात भरले होते. "गुरुजी, कलमा म्हटला की झालं का?" त्याने विचारले. झाले, हे खरेच आहे. अल्लाहखेरीज पूज्य कोणी नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष समजून-उमजून दिली की माणूस मुसलमान होतो. त्याला मोठा विधी लागत नाही. नाव बदलण्याचीही अट नाही. मी तसे सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग आमचे तात्या कुठं असतील?"

वजू कितीही नीट शिकवला तरी त्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. हा प्रश्न आखिरतचा आहे. मेल्यावर पुन्हा उठायचे आहे, केल्याचा हिशेब द्यायचा आहे, ही इस्लामची मूळ श्रद्धा. अल्लाह एक, त्याचे फरिश्ते, त्याने उतरवलेले ग्रंथ, मूसा, ईसा आणि शेवटी मुहंमद असे सगळे प्रेषित, कयामत आणि तकदीर, एवढे मनाने मानायचे असते. नमाज, रोजे, जकात, हज हे त्यावर उभे राहते. प्रेषितही माणूसच, त्यांचा आदर करायचा, पूजा करायची नाही.

तात्यांबद्दल मी एवढेच म्हणालो की निवाडा अल्लाहचा आहे, तो तुझ्या-माझ्या हाती नाही. याबाबत उलेमांचे एकमत नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या इमाम गझालींनी लिहिले आहे की ज्यांच्यापर्यंत हा संदेश पोहोचलाच नाही, किंवा विपरीत होऊन पोहोचला, त्यांना माफी आहे. मला हे मत पटते. पण कडक मत असणारेही आहेत, आणि तेही मी त्याच्यापासून लपवले नाही.

मग घरातल्या गोष्टी निघाल्या. आळ्याला रेड्याच्या समाधीपुढे हात जोडायचे का? खंडोबाची तळी भरायची का? भाद्रपदात पित्रं घालायची का? पूजा म्हणून यातले काहीच करता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले. आई मात्र तुटत नाही. आईबाप अल्लाहसोबत दुसऱ्याला भजायला सांगत असतील तर तेवढे ऐकू नये, पण त्यांच्याशी चांगलेच वागावे, असा कुरआनचा आदेश आहे. आईशी बोलणे टाकून जो दीन, म्हणजे धर्म, शिकायला निघाला, त्याला दीन कळलेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

जातीबद्दलही खरे सांगावे लागले. सफेत, म्हणजे नमाजेच्या रांगेत, सगळे सारखे, हे सत्य आहे. पण अत्तार, तांबोळी, बागवान, मुलाणी, पिंजारी आमच्यातही आहेत आणि सोयरिकीच्या वेळी ते आठवतात. नमाजेची सफ बघून आलेल्या माणसाला हे आम्हीच आधी सांगितले पाहिजे.

जबरदस्तीने धर्म बदलायला लावण्याचा दाखलाही आपल्या जुन्नरातच आहे. पंधराव्या शतकात, बहमनी काळात, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकण्यासाठी घोडा घेऊन इथे आला. जुन्नरच्या असद खानाने घोडा काढून घेतला आणि सांगितले, आमचा धर्म घे, घोडाही देतो आणि हजार मोहराही; नाहीतर घोडा गेला आणि वर दंड. विचाराला चार दिवस दिले. खुरासानचा एक मुसलमान मध्ये पडला आणि त्याने निकितिनला सोडवले. मला इस्लाम त्या मध्यस्थात दिसतो, खानात दिसत नाही. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनच्या दुसऱ्या सूरेत आहे. लग्नासाठी, पैशासाठी, कोणावर रागावून किंवा कोणाच्या आग्रहाने म्हटलेल्या कलम्यात मनाची साक्ष कुठून येणार?

कायद्याचेही सांगतो, कारण ते नंतर कळले की घरात भांडणे होतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू नातेवाइकांचे वारस होत नाहीत. वारसा उघडतेवेळी ती हिंदू असतील तरच होतात. अनुसूचित जातीची सवलतही इस्लाममध्ये गेल्यावर मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्याने वकिलाला विचारावे.

तो तरुण अजून येतो. कुरआनचा मराठी अनुवाद वाचतो आहे. मी त्याला कलम्याची आठवण करून देत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असा विचार चालू असेल तर जरूर या, बसून बोलू. फक्त घरी आईला सांगून या.