फादर नॉयनर

फादर जोझेफ नॉयनर यांना मी कधी पाहिले नाही, हे प्रथमच कबूल केलेले बरे. न पाहिलेल्या माणसाची आठवण लिहावयास बसणे हा उद्धटपणा आहे, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु आमच्या माझगावात, माथारपाखाडीतील लाकडी जिन्याच्या एका घरामुळे, हे नाव माझ्या कानांवर लहानपणापासून पडत आले आहे.

त्या घरातला थोरला मुलगा, ज्याला आम्ही सारी पोरे दादा म्हणत असू, १९७० नंतरच्या दशकात धर्मगुरू होण्यासाठी पुण्यास गेला. नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात नॉयनर हे ख्रिस्ती ईशज्ञान शिकवीत. सुटीत घरी आला म्हणजे दादा आमच्याकडे येई, माझ्या आईच्या हातचा चहा घेई, आणि मग त्याच्या गुरूंची गोष्ट निघे. आई सोवळ्याओवळ्याची, तरी तिला ती गोष्ट आवडे. “शिकविणारा चांगला भेटला हो तुला,” एवढेच ती म्हणे.

गोष्ट होतीही तशीच. १९०८ साली ऑस्ट्रियात जन्मलेला हा येशूसंघी १९३८ साली हिंदुस्थानात आला. महायुद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून ब्रिटिश सरकारने त्याला नजरकैदेत टाकले. सुटल्यावर तो मायदेशी परत गेला नाही, पुण्याचाच झाला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेत नॉयनर तज्ज्ञ सल्लागार होते. १९६४ च्या नोव्हेंबरात ख्रिस्ती धर्म आणि जगातील इतर धर्म या विषयावर मुंबईत जी विद्वानांची परिषद भरली, तिच्यातील निबंधांचे संपादन त्यांनीच केले. पुढल्याच आठवड्यात, ३ डिसेंबरला, पोप सहावे पॉल यांनी याच शहरात इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली. परंतु विद्यार्थ्यांना नॉयनर मुख्यतः एका जाडजूड ग्रंथामुळे ठाऊक. चर्चची शतकानुशतकांची अधिकृत वचने निवडून, क्रमांक घालून त्यांनी व जाक द्यूपुई यांनी तो १९७३ साली इंग्रजीत सिद्ध केला, आणि विद्यार्थी त्याला त्या दोन नावांनीच ओळखतात. दादाची प्रत त्याच्या बहिणीच्या कपाटावर अजून आहे. अशा ग्रंथाचा कर्ता मनाने थोडा करडाच असणार, अशी माझी उगाच समजूत होती.

२००६ साली माझी आई अंथरुणास खिळली. साठ वर्षे विष्णुसहस्रनाम म्हटलेली ती बाई एके सकाळी मला म्हणाली, “अरे, नाम घेते, पण पलीकडे कोणी नाहीसे वाटते.” मी इंग्रजीचा प्राध्यापक. मला एवढी संधी पुरे झाली. तुकोबांनी हाच विरह कसा भोगला, युरोपातील संतांनी या अवस्थेला अंधारी रात्र असे कसे म्हटले, हे मी तिला अर्धा तास सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “बरे, जा आता, तुझी गाडी चुकेल.” तो विषय तिने पुन्हा काढला नाही. दोन महिन्यांनी ती गेली.

पुढल्या वर्षी मदर तेरेसांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली. दादाने ते पुस्तक मला आणून दिले, आणि त्यात मला पुन्हा नॉयनर भेटले. १९६१ साली, म्हणजे ते साधारण माझ्या आजच्या वयाचे असताना, त्या बाईंनी आपला वर्षानुवर्षांचा अंधार त्यांना लिहून कळविला होता. नॉयनरांनी काय केले? त्यांनी जे सांगितले ते फार थोडे होते. याला माणसाच्या हाती उपाय नाही, म्हणून तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. देव जवळ भासणे हीच काही तो असल्याची एकमेव खूण नव्हे. आणि त्याची एवढी तहान लागते, तीच त्याच्या असण्याची साक्ष होय. हजारो वचने क्रमवार लावणाऱ्या या पंडिताने त्यांतले एकही तिच्या अंगावर फेकले नाही. त्यांचे बोलणे ऐकल्यावर अकरा वर्षांत प्रथमच आपल्याला हा अंधार प्रिय वाटू लागला, असे बाईंनी त्यांना कळविले. ते पान वाचून मी पुस्तक मिटले, ते पुढे आठ दिवस उघडले नाही.

ती पत्रे नष्ट व्हावीत अशी मदर तेरेसांची इच्छा होती. ती छापली ते योग्य की अयोग्य, याविषयी दादाचे आणि माझे अजून जमत नाही. मी लाभ घेतला आहे, तेव्हा माझ्या मताला किंमत ती किती!

३ डिसेंबर २००९ रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणादिवशी, नॉयनर वारले. वय एकशे एक. त्याच आठवड्यात दादा बहिणीकडे आला होता. मी भेटावयास गेलो. “शिकलेली सूत्रे सगळी विसरलो रे,” तो म्हणाला, “भीती तेवढी गेली ती गेली.” डोळे पुसून मग त्याने विचारले, “काकू शेवटी काही बोलल्या होत्या का?”

मी तोवर कोणाला सांगितले नव्हते. आईचे वाक्य सांगितले, माझे व्याख्यानही सांगितले. दादाने चहाचा पेला बाजूला सरकविला आणि तो ऐकत राहिला.