तिंडिवनमचं तिकीट

मदुराईला मीनाक्षी मंदिराच्या दक्षिण गोपुरापासून अगदी जवळ चोक्कप्प नायक्कन स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली आहे. दुचाक्या, हातगाड्या आणि मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बायका यांच्यातून वाट काढत ११ क्रमांकाच्या घराशी पोचलो. दारातल्या वृद्ध गृहस्थांनी चपला कुठे ठेवायच्या ते खुणेने दाखवलं आणि दुसऱ्या खुणेने जिना. वरची खोली लहान आहे. भिंतीवर तसबीर, खाली सतरंजी. माझ्याआधी आलेलं एक जोडपं डोळे मिटून बसलं होतं. मीही कोपऱ्यात बसलो.

याच घरात जुलै १८९६ मध्ये वेंकटरामन नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला अचानक मरणाची भीती वाटली. प्रकृती ठणठणीत होती. फुटबॉल, कुस्ती, पोहणं हे त्याचे छंद. वडील चार वर्षांपूर्वी गेले होते आणि तो काकांकडे शिकायला राहत होता. त्या दिवशी घरात कुणी जवळ नव्हतं. आपण मरतोय असं त्याला वाटलं, तेव्हा त्याने हाक मारली नाही, वैद्याकडे धावला नाही. तो जमिनीवर आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास रोखला आणि पाहू लागला. आता हे शरीर गेलं. ते उचलून नेतील, जाळतील. पण त्याबरोबर ‘मी’ जातो का?

जे त्याला दिसलं ते पुन्हा झाकलं गेलं नाही. शरीर मरणार, आणि शरीर मरताना पाहणारं जे काही आहे ते त्या मरणात सापडत नाही, हे त्याला विचाराने पटलं नव्हतं, समोरची वस्तू दिसावी तसं दिसलं होतं. गुरू नव्हता, दीक्षा नव्हती, वेदान्ताचा अभ्यास नव्हता. ‘पेरियपुराणम्’ हा तमिळ शिवभक्तांच्या चरित्रांचा ग्रंथ तेवढा त्याने वाचला होता. पुढे जगाने ज्यांना रमण महर्षी म्हणून ओळखलं त्यांच्या बाबतीत सगळं महत्त्वाचं त्या अर्ध्या तासात होऊन गेलं.

खोलीत बसून मी हे मनाशी आठवत होतो आणि एक गोष्ट मला नव्याने जाणवली. आपण साक्षात्कारासाठी घर सोडतो. या मुलाने साक्षात्कारानंतर घर सोडलं. मला त्याच वाटेने जायचं होतं, मदुराईहून विळुपुरम, तिथून तिरुवण्णामलै. शोधायचं काही उरलेलं नसताना माणूस कशासाठी प्रवास करतो, हे त्या वाटेवर कळेल असं वाटत होतं.

घर सोडण्याचं निमित्त साधं होतं. शाळेतून शिक्षा म्हणून दिलेलं इंग्रजी व्याकरण उतरवून काढताना वेंकटरामन मध्येच वही मिटून ध्यानात बसला. असं वागणाऱ्याला घरदार आणि शाळा हवी कशाला, असं थोरला भाऊ बोलला. मुलाला ते पटलं. भावाच्या कॉलेजच्या फीचे पाच रुपये भरायचे होते. त्यातले तीन त्याने घेतले, दोन चिठ्ठीबरोबर ठेवले. आपण वडिलांच्या शोधात, त्यांच्याच आज्ञेवरून निघालो आहोत, कुणी शोधायला पैसे खर्च करू नयेत, असा त्या चिठ्ठीचा आशय. वडील म्हणजे अरुणाचल, तिरुवण्णामलैचा शिवस्वरूप डोंगर. सहीच्या जागी त्याने नुसत्या रेघा ओढल्या.

जुन्या नकाशात तिरुवण्णामलैजवळचं स्टेशन म्हणून त्याला तिंडिवनम दिसलं. २९ ऑगस्टला त्याने दोन रुपये तेरा आण्यांचं तिंडिवनमचं तिकीट काढलं. डब्यातल्या एका पांढऱ्या दाढीच्या मौलवींनी चौकशी केली आणि विळुपुरमला गाडी बदल, तिरुवण्णामलैला आता रेल्वे जाते, असं सांगितलं. नकाशा जुना होता, रूळ नवे होते.

विळुपुरम आजही जंक्शन आहे. काटपाडीकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली. समोर एक निवृत्त शिक्षक बसले होते. मुंबईहून आलोय म्हटल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, “थेट बस आहे की, मग या गाडीने का?” मी कारण सांगितलं. ते गप्प झाले आणि मांबळपट्टु आलं तेव्हा स्वतःहून म्हणाले, “इथपर्यंतच त्याचे पैसे पुरले.” त्यांना सगळी गोष्ट पाठ होती. त्यांनी आवाज खाली आणला होता, घरातल्या माणसाविषयी बोलावं तसा.

मांबळपट्टुहून तो मुलगा सुमारे दहा मैल चालला. मी तिरुक्कोयिलूर स्टेशनला उतरून अरकंडनल्लूरच्या देवळात गेलो. पेन्नैयार नदीच्या काठावर खडकावर हे देऊळ उभं आहे. नदीच्या पात्रात वाळू जास्त, पाणी कमी होतं. याच देवळाच्या मंडपात त्याला झगझगीत प्रकाश दिसला होता. पुजाऱ्यांना देऊळ बंद करायचं होतं म्हणून त्याला उठवलं. पलीकडच्या कीळूरच्या देवळात त्याने अन्न मागितलं, तर पुजारी नाही म्हणाला. तिथल्या वाजंत्र्याने आपल्या वाट्याचा भात देऊ केला. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी होती. एका घरी त्याला जेवायला मिळालं. त्याने कानातली माणकांची सोन्याची कुडी चार रुपयांना गहाण ठेवली. त्या घरच्या भल्या गृहस्थाने पावती लिहून दिली. ती मुलाने वाटेतच फाडून टाकली. परतायचं नव्हतंच.

मला या फाडलेल्या पावतीपाशी फार वेळ थांबावंसं वाटतं. आपण ‘मी’ सोडून पाहतो तेव्हाही त्याची पावती जपून ठेवतो. ध्यानाला बसलो तर कोण बसलं होतं त्याची नोंद ठेवतो, त्याग केला तर तो कुणी केला ते आठवणीत राहतं. या मुलाच्या हातून पावती फाटली ती वैराग्याच्या आवेशात नव्हे. जो पुढे येऊन कुडी सोडवून नेणार, तो माणूसच त्याला आता आढळत नव्हता.

१ सप्टेंबर १८९६ च्या सकाळी तो तिरुवण्णामलैला उतरला आणि सरळ अरुणाचलेश्वराच्या गाभाऱ्यात गेला. नंतर अय्यनकुळम तळ्याशी डोकं भादरलं, उरलेले पैसे आणि खाऊची पुडी पाण्यात टाकली, जानवं काढलं, धोतर फाडून लंगोटी केली. त्यानंतर १९५० पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोपन्न वर्षं, त्याने हे गाव सोडलं नाही.

अरुणाचलेश्वराच्या देवळाला चार मोठी गोपुरं. पूर्वेचं राजगोपुर अकरा मजली, कृष्णदेवरायाच्या काळातलं. पंचमहाभूतांच्या पाच क्षेत्रांपैकी हे अग्नीचं क्षेत्र, आणि डोंगर हेच लिंग अशी श्रद्धा. मी आधी सहस्रस्तंभी मंडपात गेलो. त्याच्या खालच्या पाताळलिंगाच्या तळघरात तो मुलगा येऊन बसला होता. पोरं दगड मारत, त्यापासून सुटायला खाली अंधारात. मुंग्याकिड्यांनी मांड्या पोखरल्या, रक्त-पू वाहिला, त्याला पत्ता नव्हता. शेषाद्री स्वामी नावाच्या साधूने जमेल तेवढं त्याला सांभाळलं, आणि अखेर लोकांनी उचलून बाहेर आणलं. आता तळघर स्वच्छ आहे, दिवा आहे, कठडा आहे. तमिळ बायका मुलांना दाखवून सांगत होत्या. माझ्याच्याने तिथे फार थांबवलं नाही. देहाची अशी आबाळ हा साधनेचा आदर्श नाही, हे महर्षींनीच नंतर येणाऱ्यांना सांगितलं होतं, हे मला माहीत आहे म्हणून मी निश्चिंतपणे वर आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे महर्षींच्या आश्रमामागच्या दगडी वाटेने डोंगर चढलो. आधी स्कंदाश्रम, डोंगरावरचं महर्षींचं एक निवासस्थान. तिथून खाली देवळाची चारही गोपुरं एका नजरेत येतात. मग थोडं उतरून विरूपाक्ष गुहा. १८९९ ते १९१६ महर्षी इथे राहिले. १९०२ साली महसूल खात्यातले शिवप्रकाशम पिळ्ळै इथेच आले आणि त्यांनी विचारलं, मी कोण? महर्षी तेव्हा बोलत नसत. उत्तरं वाळूत बोटाने, पाटीवर लिहून दिली. ‘नान् यार?’ ही पुस्तिका त्यातून झाली. त्यातली युक्ती सरळ आहे. कुठलाही विचार उठला की तो कुणाला उठला ते पाहायचं. मला, असं उत्तर येतं. मग हा मी कोण, म्हणून त्या ‘मी’कडेच वळायचं. शब्दात उत्तर शोधायचं नाही. ‘मी ब्रह्म आहे’ असं घोकणंही त्यांना अभिप्रेत नव्हतं; तो आणखी एक विचारच.

गुहेत ऊब असते. आत सात-आठ माणसं, एक परदेशी तरुणी भिंतीला टेकून. खालच्या गावातले गाड्यांचे हॉर्न वरपर्यंत ऐकू येतात. मी बसलो आणि मन नेहमीच्या कामाला लागलं: परतीची गाडी, घरचे हिशेब, आपली बसण्याची पद्धत बरोबर आहे का. हे कुणाला? मला. मग या मीकडे पाहायला गेलो, की तिथे नाव सापडे, वय सापडे, एक जुना अपमान, एक जुनं कौतुक. हे सगळं समोर दिसत होतं, म्हणजे पाहणारा त्यात नव्हता. केव्हातरी पाहायला जाण्याची धडपड थांबली. हॉर्न वाजत होता, ऊब होती, श्वास चालू होता, आणि हे सगळं ज्याला कळत होतं त्याला माझं नाव चिकटलेलं नव्हतं. तिथे पोकळी नव्हती, भीतीही नव्हती. फार ओळखीचं काहीतरी होतं, लहानपणापासून तसंच राहिलेलं. मग मनात आलं, ‘मला अनुभव आला’, आणि नाव, वय, अपमान सगळे पुन्हा आपापल्या जागी हजर झाले. अनुभव येतो तसा जातो. ज्याला तो येताना आणि जाताना कळला ते मात्र त्या दोन्ही वेळी होतं. याहून मोठा दावा मी करणार नाही, पण एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

आश्रमातल्या जुन्या हॉलमध्ये महर्षींचा कोच आहे. इथे बसून ते आलेल्यांना आपल्या मराठी संतांची एक गोष्ट सांगत. गोरोबाकाका थापटणं घेऊन संतांच्या डोक्यांवर मारतात आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघतं. मग विठ्ठल त्यांना विसोबा खेचरांकडे धाडतो. तमिळ मुलखातल्या या महात्म्याने पंढरीकडची गोष्ट इतक्या आवडीने सांगावी, याने ऊर भरून आला. नामदेवांच्या नाममहिम्याचं इंग्रजी टिपणही ते कोचाजवळ हाताशी ठेवत. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो त्याचाही ‘मी’ कच्चा राहू शकतो, हे त्यांना त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटत असणार.

याच हॉलमध्ये पोलंडचा ज्यू अभियंता मॉरिस फ्रीडमन जमिनीवर बसून प्रश्न विचारत असे. महर्षींच्या संवादांच्या १९३९ च्या पुस्तकातले कितीतरी प्रश्न त्याचे आहेत. त्याच सुमारास तो औंध संस्थानात होता. पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता गावांच्या हाती दिली त्या प्रयोगामागे गांधीजींबरोबर त्याचीही बुद्धी होती. आणि उतारवयात हाच माणूस मुंबईत खेतवाडीच्या एका माळ्यावर जाऊन बसू लागला. तिथे विडीचं दुकान चालवलेले, कोकणात कांदळगावला वाढलेले मारुती कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज, मराठीत बोलत. सिद्धरामेश्वर महाराजांनी त्यांना ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहायला सांगितलं होतं आणि त्यांनी तेवढंच केलं. त्या बोलण्याच्या ध्वनिफितींवरून फ्रीडमनने केलेलं इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघालं आणि जगभर गेलं. माझं बालपण त्या गल्लीपासून पायी दहा मिनिटांवर गेलं. हे पुस्तक ताईने मला दिलं, तिच्या केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतर. पेन्सिलने रेघा मारलेलं.

आश्रमात अकराच्या सुमारास साधूंना आणि गरिबांना आधी जेवू घालतात, मग आपली पंगत. महर्षी स्वतः कितीतरी वर्षं पहाटे उठून भाजी चिरत, चटणी वाटत. पंगतीत आपल्याला वेगळं काही वाढलेलं त्यांना चालत नसे. शेजारी त्यांच्या आईची समाधी; तिच्याभोवतीच आश्रम उभा राहिला. १९२२ मध्ये ती गेली तेव्हा एक हात तिच्या डोक्यावर आणि एक छातीवर ठेवून ते तासन्‌तास बसून होते. बाहेर लक्ष्मी गाईची समाधी, बाजूला हरिण, कावळा आणि कुत्रा यांच्याही समाध्या. ‘मी’ गेल्यावर माणूस कोरडा होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा कोपरा पाहावा. स्वतःचं असं काही न उरलेल्या माणसाला कावळासुद्धा परका राहिला नाही.

शेवटी महर्षींच्या अखेरच्या दिवसांची ती छोटी खोली. १९४९ च्या सुमारास डाव्या हातावर गाठ आली, कर्करोगाची. चार शस्त्रक्रिया झाल्या. बरं करून घ्या म्हणून लोक रडत आले, आणि देह हाच आजार आहे, तो जाईल तर जाऊ दे, आपण कुठे जाणार, अशा अर्थाचं ते सांगत राहिले. दर्शन बंद करू दिलं नाही. १४ एप्रिल १९५० च्या रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी श्वास थांबला. खेतवाडीतले महाराजही १९८१ साली घशाच्या कर्करोगानेच गेले, अखेरपर्यंत बोलत. दुखत नव्हतं असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.

दुखतंय ते कुणाला, हा प्रश्न धडधाकट माणसाने गुहेत बसून विचारणं सोपं आहे. तो खरा कुणी विचारायचा ते मला माहीत होतं. म्हणून खोलीबाहेरच्या झाडाखालून ताईला फोन लावला. सगळं सांगितलं, कुडीची पावती, मौलवी, गोरोबांचं थापटणं. ती मध्ये काही बोलली नाही. मग म्हणाली, “डोंगर मला झेपायचा नाही रे. पण खाली बसायला जागा आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं. “जुन्या हॉलमध्ये हवं तेवढा वेळ बसता येतं, ताई. पाय दुखले तर बाकावर.”

“मग पुढच्या तपासणीनंतर जाऊ,” ती म्हणाली, आणि डॉक्टरांची तारीख बघायला उठली.