बारावी कुठून, त्यावर घर कुठलं

माझी मुलगी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. जन्म बार्शीचा, दहावीपर्यंतची शाळा बार्शीची, रेशनकार्डही बार्शीचंच. पण इंजिनीअरिंगच्या प्रवेशात ती नांदेड विद्यापीठाची ठरली, कारण बारावी तिनं लातूरहून केली. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, आणि महाराष्ट्रात शिकलेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी तो बारावी जिथून पास झाला त्या ठिकाणावरून ठरते.

अकरावीला घालतानाच हे आम्हाला ठाऊक होतं. मी शाळेत शिकवतो, आधीच्या मुलांचे फॉर्म भरून दिलेले. तरी लातूरच निवडलं. बार्शीची मुलं लातूरला जातात ती काही आजची गोष्ट नाही. कुर्डुवाडी-लातूर रेल्वे आमच्या गावावरूनच जाते, सोयरिकी तिकडच्या, बाजार तिकडचा. शिकवणीचं नाव तर सांगायलाच नको. ओळखीच्या काही पालकांनी दुसरी वाट काढली. पोराचं नाव बार्शीच्या ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगा लातूरच्या क्लासमध्ये. प्रॅक्टिकलपुरता तोंड दाखवायला यायचा. होम सोलापूर राहिलं, शिकणं लातूरचं झालं. मला ते पटलं नाही. ज्याला इंजिनीअर व्हायचंय त्यानं प्रयोगशाळेत दोन वर्षं पाऊल न टाकता बारावी व्हावं, हे शिक्षक म्हणून मी स्वतःच्या घरात कसं चालवून घेऊ?

नियम असा आहे. विद्यापीठाला संलग्न कॉलेजात कॅप राऊंडमधून भरायच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठांच्या मुलांना. कट-ऑफच्या यादीत जागेच्या नावाशेवटी ‘एच’ असेल तर होम, ‘ओ’ असेल तर बाहेरची, आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. पुण्याच्या सीओईपीत जागा राज्यस्तरावर भरतात, तिथं हा भेद येत नाही. जातीचं आरक्षण एच आणि ओ या दोन्ही भागांत वेगवेगळं चालतं, त्यामुळे पालक यादी बघून चक्रावतात. ते ३० टक्के सगळ्यांना खुले आहेत असाही समज असतो. तसं नाही, होमची मुलं त्यात येत नाहीत. होमच्या जागांना मुलं मिळाली नाहीत तरच त्या बाहेरच्यांकडे वळतात.

मुलीनं पहिला पर्याय टाकला होता पुण्यातल्या एका कॉलेजचा, कॉम्प्युटर. यादी लागली तेव्हा ती होमच्या शेवटच्या मुलाच्या पुढं होती आणि बाहेरच्यांच्या शेवटच्या मुलाच्या मागं. फरक दशांशातला. पण सीईटीच्या पीसीएम गटात त्या वर्षी तीन लाखांच्या आसपास मुलं बसली होती. पर्सेंटाइलचा एक दशांश म्हणजे तीनशे मुलं. तिच्याच वर्गातली एक मैत्रीण दहावीनंतर पुण्याला गेली होती. वडिलांनी दोन वर्षं तिथं फ्लॅट भाड्यानं घेतला होता. तिला त्याच कॉलेजात, त्याच शाखेत जागा मिळाली, हिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर. मुलगी एवढंच म्हणाली, “बाबा, आम्ही दोघी एकाच शाळेच्या ना?” त्या मैत्रिणीचा यात काही दोष नाही. तिच्या वडिलांची ऐपत होती, माझी नव्हती.

ही ७० टक्क्यांची मर्यादा कुठून आली ते मी शोधलं. १९८६ साली निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकलेल्या मुलांना संधीची बरोबरी मिळावी म्हणून काही जागा राखता येतील, पण त्या ७० टक्क्यांपलीकडे नकोत. मागच्या बाकावरच्या भागाला हात द्यावा, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. वैद्यकीय प्रवेशातली प्रादेशिक ७०:३० विभागणी राज्य सरकारनं २०२० साली काढून टाकली. मराठवाड्याचीच ती मागणी होती, कारण तिकडं गुणवान मुलं भरपूर आणि कॉलेजं थोडी. इंजिनीअरिंगमध्ये ती विभागणी राहिली.

घर म्हणजे विद्यापीठ, हे धरलं की नकाशा बदलला की घरही बदलतं. सोलापूर विद्यापीठ झालं २००४ साली. त्याआधी आमचा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता. माझ्या बरोबरीची मुलं सांगली-कऱ्हाडला जायची ती घरच्या विद्यापीठात चाललोय अशाच समजुतीनं. लातूर तर १९९४पर्यंत औरंगाबादच्या विद्यापीठात.

मुलगी शेवटी नांदेडला गेली, होमच्या जागेवर. नियमाची दुसरी बाजू मला तिथं दिसली. तिच्या खोलीतल्या मुली किनवटच्या, मुखेडच्या, हिंगोलीकडच्या. एकीच्या आईनं मला सांगितलं, “नांदेडपत्तूर पाठवू, पुण्याला नाही पाठवणार.” अशा घरातल्या मुलीला जिल्ह्याच्या गावी जागा राखलेली नसेल तर तिचं शिक्षण बारावीतच थांबेल. म्हणून ७०:३० मोडा असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं, घर दहावीवरून ठरवा. अकरावी-बारावीला मुलं गाव सोडतात, दहावीपर्यंत सहसा घरीच असतात. राज्याचा उमेदवार म्हणून ‘ए’ प्रकारात बसायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, तेव्हा दहावीची कागदपत्रं अर्जासोबत आधीच असतात. नवा दाखला काढायला नको, तहसीलला खेटे नकोत. पुण्याला भाड्यानं राहून पुण्याचं होम मिळवणं आपोआप बंद होईल, आणि नाव एका गावात, मुलगा दुसऱ्या गावात या प्रकाराचंही एक कारण कमी होईल.

तोवर शाळेत येणाऱ्या पालकांना मी दहावीच्या निकालाआधीच सांगतो: मागच्या वर्षीची कट-ऑफची यादी काढा, मुलाला हव्या त्या कॉलेजचे एच आणि ओ असे दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा, आणि मग अकरावीचं गाव ठरवा.